गाणाऱ्याच्या जागी सॅक्सोफोन

ओळखीचं गाणं कुणी नुसतं वाद्यावर वाजवायला घेतलं की आपण नकळत मनातल्या मनात शब्द म्हणू लागतो. वादकाने एखादी हरकत गाळली की लगेच खटकतं, आणि एखादी नवी जागा घेतली की मान डोलते. गाणारा समोर नसतो, तरी त्याचा आवाज कानात असतोच. वादक त्या आवाजाला धरून वाजवतो आणि हळूच त्याच्यापासून दूरही जातो. या लपंडावातच शब्दांविना वाजणाऱ्या गाण्याची सगळी गंमत आहे.

मराठी श्रोत्याला हा प्रकार नवा नाही. संगीत रंगभूमीची पदं लोकप्रिय झाली तशी ती हार्मोनिअमवर वाजवली जाऊ लागली. गोविंदराव टेंबे यांनी हार्मोनिअमला साथीच्या वाद्याच्या जागेवरून उठवून एकलवादनाला बसवलं. पुढे पी. मधुकर यांनी वाजवलेली नाट्यपदं लोकांनी हौसेने ऐकली. मुखडा पदाचा आणि विस्तार वादकाचा, अशी त्याची रीत होती. हाच खेळ सॅक्सोफोनवर मांडला, पाठीशी व्हायोलिनांचा ताफा उभा केला आणि पदांच्या जागी सिनेमाची किंवा पॉपची गाणी घेतली, तर जे तयार होतं त्याविषयी हा लेख आहे. जगात त्याला ‘कव्हर’ म्हणतात. जॅझमध्ये मुरलेला सॅक्सोफोनवादक लोकांच्या तोंडी असलेली गाणी निवडतो, अरेंजर ती पूर्ण वाद्यवृंदासाठी नव्याने लिहितो आणि त्याची तबकडी निघते.

अशा तबकड्यांना जाणकार फारसा मान देत नाहीत. हॉटेलात जेवताना मागे वाजणारं, रेडिओवर दोन कार्यक्रमांमधली मोकळी मिनिटं भरणारं संगीत, असा शिक्का त्यांच्यावर बसला. हा शिक्का अन्यायाचा आहे असं मी मानतो. शब्द, गायकाची लोकप्रियता आणि पडद्यावरचा चेहरा, या तिन्हींचा आधार काढून घेतल्यावर चाल किती भक्कम आहे ते कळतं. वादकाचा वकूब तिथेच दिसतो आणि अरेंजरचं काम पहिल्यांदा स्पष्ट ऐकू येतं.

सनईचा दूरचा नातेवाईक

आधी वाद्य समजून घेऊ. सॅक्सोफोन पितळी असतो, तरी पाश्चात्त्य वाद्यवृंदात त्याची गणना क्लॅरिनेट आणि ओबो यांच्या घरात, म्हणजे लाकडी सुषिर वाद्यांत होते. ट्रम्पेटमध्ये वादकाचे ओठ थरथरतात आणि त्यातून सूर निघतो. सॅक्सोफोनमध्ये थरथरते ती वेताची पातळ पत्ती. ती तोंडात धरायच्या भागाला खालच्या बाजूने बांधलेली असते. हे वाद्य बनवलं बेल्जियमच्या आडॉल्फ सॅक्स यांनी. त्यांचा जन्म दिनां गावी 1814 साली झाला, आणि 1846 मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं. लष्करी बँडमध्ये लाकडी वाद्यांचा गोडवा आणि पितळी वाद्यांचा जोर यांच्यामध्ये जी पोकळी होती, ती त्यांना भरायची होती.

कोकणातल्या केळशी गावच्या माणसाला या वाद्याचा स्वभाव सनईवरून चटकन कळेल. शिमग्यात दापोली, मंडणगड, गुहागर या भागांत पालखीपुढे खालूबाजा वाजतो. ढोल-ताशांच्या गदारोळातही सनईचा सूर वरून स्वच्छ ऐकू येतो. पारंपरिक चालींच्या मधे सनईवाला एखादं चालतं सिनेमाचं गाणंही घेतो आणि नाचणारे ते पहिल्या दोन सुरांत ओळखतात. सनईची नळी तोंडाशी अरुंद असते आणि खाली रुंद होत जाते. सॅक्सोफोनची नळीही तशीच. वळवलेली असली तरी आतून ती शंकूच्याच आकाराची आहे. सनईची पत्ती दुहेरी, सॅक्सोफोनची एकेरी. सनईला भोकं असतात आणि ती बोटांनी झाकायची. सॅक्सोफोनची भोकं बोटांत मावणार नाहीत एवढी मोठी असतात, म्हणून त्यांवर चामड्याच्या गादीची झाकणं बसवून ती कळांनी उघडझाप करतात.

नळीचा आकार सुरावर कसा परिणाम करतो हे पाहण्यासारखं आहे. क्लॅरिनेटची नळी वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारख्या जाडीची असते. तिच्यात मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांपैकी एकाआड एक दबलेले राहतात. म्हणून क्लॅरिनेटचा खालचा आवाज पोकळ, लाकडी वाटतो. शंकूच्या नळीत सगळे उपस्वर उमटतात आणि आवाज भरीव, घशातून आल्यासारखा येतो. शिवाय त्याच बोटांनी एक कळ जास्त दाबली की सॅक्सोफोन थेट वरच्या सप्तकात जातो. ऑल्टो सॅक्सोफोनचा पल्ला सुमारे अडीच सप्तकांचा, आणि तो साधारण स्त्रीच्या गाण्याच्या पट्टीत बसतो. टेनर त्याच्या खाली, पुरुषी आवाजाच्या अंगाने चालतो. गाणाऱ्याची जागा घ्यायला हे वाद्य इतकं योग्य का ठरलं, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं निम्मं उत्तर ओठांत आहे. हार्मोनिअमवर दोन पट्ट्यांच्या मधला सूर काढता येत नाही. सॅक्सोफोनवर कळा ठरलेल्या स्वरांच्या असल्या, तरी ओठांचा दाब कमी-जास्त करून सूर खाली ओढता येतो, वर ढकलता येतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. जबड्याच्या हलक्या हालचालीने आवाजाला कंप देता येतो. श्वास सोडण्याचा नुसता फुसफुसाटही सुरात मिसळता येतो. गायक जे गळ्याने करतो ते वादक इथे ओठांनी आणि श्वासाने करतो.

पार्करने व्हायोलिनांची साथ का मागितली

सॅक्सोफोन आणि तंतुवाद्यं यांची सर्वांत गाजलेली जोडी अमेरिकेत जमली. चार्ली पार्कर हा ऑल्टो सॅक्सोफोनचा बिनीचा वादक. 1940 च्या दशकात ‘बीबॉप’ नावाची वेगवान, गुंतागुंतीची जॅझशैली ज्यांनी घडवली त्यांत तो अग्रणी होता. त्याचं वादन सामान्य श्रोत्याच्या डोक्यावरून जायचं. 30 नोव्हेंबर 1949 रोजी न्यूयॉर्कमध्ये निर्माता नॉर्मन ग्रांझ याने त्याला वेगळ्याच संचाबरोबर बसवलं: तीन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, हार्प, ओबो, आणि सोबत पियानो, बास, ड्रम. सहा गाणी वाजली. पुढच्या वर्षी आणखी काही गाण्यांची भर पडली. अशा तंतुवाद्यांची इच्छा खुद्द पार्करलाच होती.

गाणी कोणती होती? ‘समरटाइम’ हे जॉर्ज गर्श्विनच्या 1935 च्या ‘पोर्गी अँड बेस’ या संगीतिकेतलं. ‘एप्रिल इन पॅरिस’ हे 1932 च्या एका ब्रॉडवे नाटकातलं. म्हणजे आपल्याकडे जे स्थान नाट्यपदांचं, तेच अमेरिकन जॅझमध्ये ब्रॉडवेच्या गाण्यांचं. नाटकं विस्मरणात गेली, पण त्यांतली गाणी वादकांच्या हाती लागून जगली. ‘मानापमान’ कधीही न पाहिलेला माणूसही त्यातली पदं मैफलीत ऐकतो, तसंच.

टीकाकारांनी पार्करवर बाजारूपणाचा आरोप केला. ते ध्वनिमुद्रण मात्र त्याच्या सर्वांत जास्त विकल्या गेलेल्या कामांत मोडतं. त्या दिवशी मुद्रित झालेलं ‘जस्ट फ्रेंड्स’ त्याच्या स्वतःच्या आवडीचं होतं. ते नीट ऐकलं तर आरोप किती वरवरचा आहे ते कळतं. व्हायोलिन संथ, सरळ रेषेत चालतात. पार्कर त्यांच्यावरून वेगाने नक्षी काढत जातो, चाल मोडतो आणि बरोबर सम गाठावी तशी पुन्हा धरतो. मागचा पट शांत असल्यामुळेच पुढची नक्षी डोळ्यांसमोर उभी राहते.

हा धागा पुढच्या पिढीने उचलला. 1968 मध्ये टेनरवादक स्टॅन गेट्झ याने बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड या जोडीच्या गाण्यांची आख्खी तबकडी मोठ्या वाद्यवृंदासोबत केली. तोवर ब्रॉडवेची जागा रेडिओवरच्या पॉप गाण्यांनी घेतली होती. गाणी बदलली, पद्धत तीच राहिली.

ताजच्या दिवाणखान्यातून स्टुडिओत

आपल्याकडे जॅझ आलं ते मुंबईच्या बंदरावाटे. 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक वाजवत होते. 1935 मध्ये लिऑन अॅबीचा संच आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याजवळ बसून शिकणाऱ्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. पारशीही होते. सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन यांचं खरं नाव कावस खटाव. 1939 पासून पुढे दोन दशकं ताजच्या नृत्यगृहाचा संच मिकी कोरिया यांच्याकडे होता, आणि ते सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवत.

गोव्याचीच मुलं इतकी का होती? पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. कागद समोर ठेवला की वाजवायला सुरुवात, ही सवय त्यांना लहानपणापासून होती. मुंबईच्या सिनेमाला नेमकं हेच हवं होतं. दिवसाला एक गाणं पुरं करायचं, पन्नास-साठ वादकांनी एकत्र वाजवायचं आणि सगळं एका टेकमध्ये मुद्रित करायचं, तर पाठांतरावर भागत नाही.

हॉटेल आणि सिनेमा यांना जोडणाऱ्यांत एक ठळक नाव मराठी आहे. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, जन्म 1918, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेल्या या माणसाने नृत्यगृहातलं संगीत मोकळ्या मनाने सिनेमात आणलं. ‘शहनाई’ (1947) आणि ‘अलबेला’ (1951) या चित्रपटांच्या गाण्यांत ताजच्या संचाचा ठेका आणि मराठी मातीची लय सहज एकत्र नांदतात. ‘अलबेला’त गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या संचासह पडद्यावरही दिसतात. रात्री हॉटेलात आणि दिवसा स्टुडिओत, असं त्या पिढीचं आयुष्य होतं.

चाल संगीतकाराची असे, पण ती साठ वादकांत वाटून द्यायची कोणी? ते काम अरेंजरचं. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. गायक एक ओळ गात असताना व्हायोलिन त्याला समांतर दुसरी स्वतंत्र ओळ वाजवतात, वादकांच्या भाषेत ‘ऑब्लिगाटो’. तिचा हिंदी सिनेमातला वैभवाचा काळ म्हणजे त्यांचाच काळ. अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारा स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. त्यांचे विद्यार्थी प्यारेलाल यांनी 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त आपल्या गुरूचं नाव गाण्यात अमर केलं. लोकांना ते नाव नायकाचं वाटलं. ते एका व्हायोलिनवादकाचं होतं.

मनोहारी सिंग

या सगळ्या परंपरेत सॅक्सोफोनचं नाव निघालं की ते मनोहारी सिंग यांच्यापाशी थांबतं. जन्म 8 मार्च 1931, कलकत्ता. घराणं नेपाळी. घरात बँडचं वातावरण होतं. बाटानगरच्या बाटा कंपनीच्या बँडमध्ये एका हंगेरियन संचालकाच्या हाताखाली त्यांनी सुषिर वाद्यांचं रीतसर शिक्षण घेतलं. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, सगळं. पुढे कलकत्त्याच्या हॉटेलांत वाजवून 1958 च्या सुमारास ते मुंबईत आले आणि सचिन देव बर्मन यांच्या ‘सितारों से आगे’साठी वाजवून त्यांचं इथलं काम सुरू झालं.

त्यांचा सूर ओळखायला तीन गाणी पुरेत. ‘सट्टा बाजार’ (1959) मधल्या युगुलगीतात सॅक्सोफोन प्रेमिकांच्या मधे बसून जुन्या आठवणी काढल्यासारखा बोलतो. ‘काश्मीर की कली’ (1964) मधल्या ‘है दुनिया उसी की’मध्ये शम्मी कपूर पडद्यावर झिंगलेला आहे आणि रफींच्या आवाजाइतकंच ते झिंगणं सॅक्सोफोनने उभं केलं आहे. सूर अर्ध्या वाटेवर सैल सोडून पुन्हा सावरलेला ऐकू येतो. ‘गाइड’ (1965) मधल्या ‘गाता रहे मेरा दिल’मध्ये तेच वाद्य हसरं, हलकं होऊन येतं. दारू, विरह आणि मोहिनी एवढ्यापुरतं हे वाद्य राखून ठेवायची सिनेमाला सवय लागली होती. मनोहारींनी त्याला इतर भावही दिले.

पुढे राहुल देव बर्मन यांच्या संघात बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि मारुतीराव कीर ही तिघांची फळी उभी राहिली. पहिले दोघे वाद्यमेळाचे, तर मारुतीराव ठेक्याचे. बासू-मनोहारी या नावाने त्यांनी ‘सबसे बड़ा रुपैया’ (1976) सारख्या चित्रपटांना स्वतंत्र संगीतही दिलं. आणि याच मनोहारींनी एचएमव्हीसाठी चित्रपटगीतं सॅक्सोफोनवर वाजवली. पार्कर आणि गेट्झ यांनी जे त्यांच्या लोकगीतांचं केलं, ते मनोहारींनी आपल्या लोकगीतांचं केलं, कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या शहरांची आणि गावांची सामाईक गाणी सिनेमाचीच होती. 13 जुलै 2010 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांच्या बरोबरीने इतरही होते. पुण्याचे एनॉक डॅनियल्स अॅकॉर्डिअनवर, व्हॅन शिपले इलेक्ट्रिक गिटारवर, तर मिलन गुप्ता माउथ ऑर्गनवर हिंदी गाणी वाजवत आणि त्या तबकड्या घरोघर पोचत. कोकणातही त्या आल्या. हर्णै बंदरात बोटीने उतरणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेतून मुंबईची गाणी गावाकडे येत. लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर मंगलाष्टकांच्या आधी वाजायला वाद्यांवरच्या धुना फार सोयीच्या असत. बोलण्यात व्यत्यय येत नाही आणि मांडव सुना वाटत नाही.

शब्द काढल्यावर काय करायचं

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. गायकाच्या जागी सॅक्सोफोन ठेवायचा म्हणजे चाल जशीच्या तशी वाजवायची, असं वाटतं. तसं केलं तर दुसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण अक्षरांचं. गाण्यात एकाच सुरावर चार अक्षरं आली तर कानाला चार वेगळ्या गोष्टी ऐकू येतात, कारण व्यंजनं वेगळी असतात. वाद्यावर तोच सूर चारदा वाजला की टकटक ऐकू येते. म्हणून वादक जिभेने पत्तीवर आघात करताना प्रत्येक आघाताचं वजन बदलतो. एक सूर कोरा, दुसरा खालून ओढत आणलेला, तिसरा थोडा उशिरा, चौथा पहिल्यात मिसळून टाकलेला. उत्तम वादक वाजवण्याआधी शब्द पाठ करतात, ते यासाठीच. श्वास कुठे घ्यायचा हेही शब्दच सांगतात. ओळीचा अर्थ जिथे तुटेल तिथे श्वास घेतला, तर शब्द नसूनही श्रोत्याला ते टोचतं.

दुसरं कारण अंतऱ्यांचं. गाण्यात दोन-तीन अंतरे बहुधा एकाच चालीचे असतात. शब्द बदलतात, म्हणून ते चालून जातं. वाद्यावर तीच चाल तिसऱ्यांदा वाजवायला नवं निमित्त लागतं. अरेंजर मग पहिला अंतरा ऑल्टोला देतो, दुसरा व्हायोलिनांना देऊन सॅक्सोफोनला वर मोकळं सोडतो, तिसऱ्याला वरचं सप्तक घेतो किंवा पट्टीच बदलतो. जॅझचा वादक असला तर मधला अंतरा पूर्ण त्याच्या हवाली करतो. स्वरसंगती तीच राहते, पण वरची चाल वादक जागेवर रचतो. नाट्यपद वाजवणारा हार्मोनिअमवादक मुखड्यानंतर आलाप-तानांत शिरतो, तोच हा क्षण.

तिसरं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं. मूळ गाण्यात सॅक्सोफोन बहुधा ओळींच्या मधल्या जागा भरत असतो. गायक थांबला की तो बोलतो. आता तोच गाणारा झाला, तर मधल्या जागा कोण भरणार? गिटारला, व्हायब्राफोनला, व्हायोलिनांना ते काम द्यावं लागतं, आणि एकाचं काम दुसऱ्याने घेतलं की संपूर्ण गाण्याचा तोल नव्याने साधावा लागतो. चांगल्या कव्हरमध्ये म्हणूनच मूळ गाण्याचा आराखडा शिल्लक राहतो, पण आतली माणसं सगळी हललेली असतात.

चौथी अडचण पट्टीची. ऑल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर पांढरी एक लिहिली आणि तशी बोटं लावली, तर प्रत्यक्षात काळी दोनचा सूर ऐकू येतो. टेनरवर काळी पाचचा येतो. वाद्याची घडणच तशी आहे. गाणं पांढरी एकमध्ये असेल तर ऑल्टोवाल्याला पांढरी सहाची बोटं लावावी लागतात. एखादा वादक गाण्यात ऑल्टोवरून टेनरवर गेला, तर त्याचा कागद पुन्हा वेगळा. गायकाला पेटीवाला पट्टी विचारतो आणि काम होतं. इथे अरेंजरला प्रत्येक वाद्याचं गणित आदल्या रात्री कागदावर मांडून ठेवावं लागे, कारण स्टुडिओचं भाडं तासांवर चालायचं. ताडदेवचं फिल्म सेंटर असो की वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, कुणा एकाच्या कागदावर चूक झाली तर सगळ्यांना पहिल्यापासून वाजवावं लागे.

वेष्टनावरची नावं

या परंपरेतली माझ्या मते सर्वांत धाडसी तबकडी 1968 ची, शंकर-जयकिशन यांची ‘राग जॅझ स्टाइल’. यात सिनेमाची गाणी नाहीत. अकरा राग घेऊन त्यांना जॅझच्या ठेक्यावर आणि स्वरसंगतीवर मांडलं आहे. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ मल्हार, जयजयवंती, शिवरंजनी वगैरे, आणि शेवट रिवाजाप्रमाणे भैरवीने. सिनेमात काम करणाऱ्या याच माणसांना निर्मात्याची घाई आणि पडद्यावरचा प्रसंग बाजूला ठेवायची मुभा मिळाली, तर ते काय करू शकतात हे त्यात ऐकू येतं.

वादकांची यादी वाचली तरी मुंबई डोळ्यांपुढे येते. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, बासवर एडी ट्रॅव्हर्स, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, गिटारवर अॅनिबल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, तबल्यावर रमाकांत म्हापसेकर. गोवा, महाराष्ट्र, बंगाल आणि उत्तरेचं घराणं एका खोलीत. यात सतार आणि सॅक्सोफोन एकमेकांना उत्तर देतात तेव्हा दोघांच्या मींडेतला फरक स्वच्छ कळतो. सतारीची मींड तार बाजूला ओढून येते, तिच्या मागे तारेचा ताण असतो. सॅक्सोफोनची मींड ओठ सैल सोडून येते, ती उसाशासारखी निसटते.

या तबकडीमुळे वादक नावानिशी लोकांपुढे आले, ही गोष्टही मला तिच्या संगीताइतकीच महत्त्वाची वाटते. हजारो चित्रपटगीतांना हे भाग्य लाभलं नाही. श्रेयनामावलीत संगीतकार असे, गीतकार असे, गायक असत. ज्या सॅक्सोफोनमुळे गाणं पहिल्या चार सेकंदांत ओळखू येतं, तो वाजवणाऱ्याचं नाव कुठेही नसे. दिवसाच्या कामाचे पैसे घेऊन तो दुसऱ्या स्टुडिओकडे निघून जाई. 1980 च्या दशकापासून सिंथेसायझर आले, एकेका वादकाचं वेगवेगळं मुद्रण करायची सोय झाली, आणि साठ माणसांनी एकत्र श्वास घेण्याचे ते दिवस संपत गेले. वाद्यवृंद विखुरला तेव्हा कुठे लोकांनी मागे वळून या वादकांची नावं शोधायला सुरुवात केली.

जॅझ मात्र मुंबईत पूर्ण विझलं नाही. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी 1970 मध्ये ‘रागा रॉक’ ही छोटी तबकडी काढली. 1978 पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्ससारखा थोर टेनरवादक इथे वाजवून गेला. 1980 मध्ये याच व्यासपीठावर अमेरिकन वादक जॉन हँडी यांच्यासोबत एक तरुण उभा राहिला: कद्री गोपालनाथ. दक्षिण कन्नड जिल्ह्यातला हा माणूस नागस्वर वाजवणाऱ्या बापाचा मुलगा. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्याने सॅक्सोफोन ऐकला आणि कर्नाटक संगीत त्यावर आणायचं ठरवलं. गमकं निघावीत म्हणून वाद्याच्या कळांत त्याने फेरफार केले. 2004 मध्ये त्याला पद्मश्री मिळाली, 2019 मध्ये तो गेला. नागस्वर हे सनईचंच दक्षिणेकडचं थोरलं भावंड, शंकूच्या नळीचं आणि दुहेरी पत्तीचं. त्याचा कान घेऊन सॅक्सोफोनकडे गेलेल्या माणसाला हे वाद्य परकं वाटलं नाही, यात नवल नाही.

म्हणून एक विनंती आहे. मनोहारी सिंग यांनी वाजवलेलं एखादं चित्रपटगीत शोधा आणि दोनदा ऐका. पहिल्यांदा फक्त सॅक्सोफोनच्या मागे जा. तो शब्द कुठे पाळतो, कुठे सोडतो, श्वास कुठे घेतो ते पाहा. दुसऱ्यांदा सॅक्सोफोन पूर्ण विसरा आणि मागे व्हायोलिन काय करताहेत तेवढंच ऐका. ती ओळ कुणीतरी रात्री बसून कागदावर लिहिली होती. मग मूळ गाणं लावा. तुम्हाला ते आधीपेक्षा जास्त ऐकू येईल. आणि गाण्याविषयी कुणाशी बोलाल तेव्हा गायक आणि संगीतकार यांच्या पाठोपाठ वादकाचं आणि अरेंजरचं नावही घ्या. केळशीत पालखीपुढे सनई वाजवणाऱ्याचं नाव सारा गाव जाणतो. ज्यांचा सूर देशभर वाजला, त्यांना निदान तेवढा मान मिळायलाच हवा.